धाकटीची दुसरी भरती

दादाला पहिल्यांदा दवाखान्यात नेलं तेव्हा गावातून जीप भरून माणसं गेली होती. पुढे ड्रायव्हरशेजारी काका, मागे दादा, त्याच्या दोन्ही बाजूंना दोन दणकट शेजारी, समोर माय, आणि दाराशी अंग चोरून वहिनी आणि मी. दादा कोणाशी झोंबत नव्हता. तो एकच विचारत होता, की तलावाची पाळ कोणीतरी पोखरून राहिलं आणि आपण सगळे गाव सोडून चाललो, तर आता पाळीवर कोण?

आमचं गाव नवेगाव बांधपासून आत, एका तलावाच्या खाली आहे. हे तलाव आपल्याच वाडवडिलांनी बांधले, असं आमच्या जातीत लहानपणापासून सांगतात, त्यामुळे पाण्याची काळजी घरातल्या पुरुषांना असतेच. दादाची काळजी म्हणून आधी कोणाला आजार वाटली नाही. दिवसदिवस तो पाळीवर फिरायचा, पाणी सोडायच्या तुडुमापाशी बसून राहायचा, जेवायला हाक मारली तरी यायचा नाही. मग त्याची झोप गेली. मग एका सकाळी त्यानं शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरवर फावड्याचे घाव घातले, कारण याच ट्रॅक्टरनं पाळ फोडणार आहेत, हे त्याला कळलं होतं म्हणे. त्याच दुपारी जीप आली. ट्रॅक्टरवाला शेजारीही त्या जीपमध्ये होता. "आपलाच पोरगा हाय, काकी. बरा होऊन येईन," असं तोच मायला सांगत होता.

वॉर्डात रोग्याजवळ घरचं माणूस सतत लागतं. दादाजवळ माय राहिली. पलंगाशेजारी फरशीवर चटई टाकून ती निजायची, त्याला चारायची, तो न्हाणीघरात गेला तरी दाराबाहेर उभी राहायची. वहिनीनं घर, पोरं आणि शेताच्या बांध्यांतला धान एकटीनं ओढला. मी तेव्हा नुकतीच गोरेगाव तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका म्हणून लागले होते आणि गोरेगावला खोली करून राहत होते. शनिवारची सकाळची शाळा सुटली की डबा घेऊन एसटी धरायची. माझं लग्न पुढे राहूनच गेलं. घरात असा आजार आहे म्हटल्यावर आमच्या वाटेला कोणी फिरकलं नाही, आणि नंतर माझ्याकडेही त्यासाठी जीव उरला नाही.

दादा बरा होऊन आला तेव्हा अंगणात माणसं मावेनात. कोणी तलावातले मासे आणून दिले, कोणी नवं उपरणं दिलं. रोवणीला तो स्वतः चिखलात उतरला. माय बांधावर बसून त्याच्याकडे बघत राहिली, जणू तो आत्ताच चालायला शिकला होता.

पण गोळ्या त्याला झेपत नव्हत्या. "गोळीनं हात जड पडते," तो म्हणायचा. "माह्यानं परा उपटनं होत नाई. बायका माह्या पुढं निंगून जाते." ते खोटं नव्हतं. भाताची रोपं उपटताना त्याचे हात खरंच सावकाश चालायचे आणि रोवणीच्या बायका हसायच्या. मग तो गुपचूप गोळ्या सोडायचा, दोस्तांबरोबर मोहाची घ्यायचा, चार-सहा महिने बरे जायचे आणि परत तो पाळीवर दिसायचा. परत जीप. जीपमधली माणसं दर खेपेला कमी झाली, पण जीप चुकली नाही. वहिनीची पिशवी ठरून गेली होती: लुंगी, चादर, तांब्या, तंबाखूची डबी. किती वेळा गेलो ते मी मोजणं सोडलं. एक मात्र सांगता येतं, की या साऱ्या वर्षांत घरात किंवा गावात कोणीही, "आता याला परत कशाला न्यायचं?" असं विचारलं नाही. घरचा कर्ता पुरुष. तो बिघडला की सगळं घर बिघडतं, तो दुरुस्त व्हायलाच हवा, इतकं ते सरळ होतं.

धाकटी माझ्याहून सहा वर्षांनी लहान. मी शिकत होते, म्हणून तिचं लग्न आधी, दादाच्या पहिल्या आजारापूर्वीच ठरलेलं होतं, आणि म्हणूनच ते झालं. सासर देवरीकडचं, नवरा राइस मिलमध्ये. दादाचं कळल्यावर तिची सासू म्हणाली होती, "भावाचं काय, पुरुषगड्याले होते कधी कधी." आम्हाला तेव्हा ती फार समजूतदार वाटली.

धाकटीला आधी मुलगा झाला. मग काही वर्षांनी मुलगी, आणि त्या बाळंतपणानंतर ती बोलेनाशी झाली. हे आम्हाला उशिरा कळलं. सासरच्यांनी बाहेरचं लागलं म्हणून इकडेतिकडे फिरवलं, लिंबू उतरवले, कोंबडं दिलं. शेवटी एका रविवारी दुपारी जावई मोटारसायकलवरून आले. मागे धाकटी, तिच्या मांडीत तान्ही मुलगी. लुगडं उलटं नेसलेलं. मी गावी आलेली होते म्हणून मला हे पाहायला मिळालं.

"काही दिवस राहू द्या इकडं," जावई गाडीवरून न उतरताच म्हणाले. "माहोल बदलला त फरक पडेल."

"अन् पोरगा?" मायनं विचारलं.

"तो आजीजवळ राहतो. त्याची शाळा आहे."

माय चहाचं म्हणाली तोवर गाडी वळलेली होती.

धाकटी आत गेली आणि कोणी न सांगता खराटा घेऊन अंगण झाडू लागली. माय मला म्हणाली, "पाय, काम करून राहिली ना. मंग बरी हाय. बाळंतपणाचा थकवा असन."

पुढे कितीतरी महिने घरात तेच माप चाललं. धाकटी बोलत नव्हती, हसत नव्हती, पोर रडलं तरी तिकडे तिचा कान नसायचा, पण पहाटे उठून सडा टाकायची, भांडी घासायची, धान निवडायची. वहिनीनं तिच्या मुलीला आपल्या पोरांबरोबर पदराखाली घेतलं. वहिनी एकटीच म्हणायची, "ताई, हे बरोबर नाई. ह्यांचं जसं होते तसंच हे हाय, फकस्त आवाज नाई." तिचं कोणी फारसं ऐकलं नाही. दादानं ट्रॅक्टर फोडला होता. धाकटीनं काहीच फोडलं नव्हतं.

मग एके दिवशी तिनं चुलीवर भाताचं गंज चढवलं, त्यात तांदूळ टाकले आणि पाणी टाकलंच नाही. गंज काळंठिक्कर पडलं, घरभर धूर झाला, आणि ती समोर बसून बघत राहिली. वहिनी धावली तेव्हा धाकटी ते गंज नुसत्या हातांनी उतरवत होती. दोन्ही तळवे भाजले. माय रडू लागली ती त्या तळव्यांकडे बघून, आणि तेव्हा कुठे दवाखान्याचं नाव निघालं.

या खेपेला जीप नव्हती. मीच रजा टाकली आणि धाकटीला एसटीनं घेऊन गेले. दादा नुकताच वॉर्डातून आलेला, माय त्याला सोडून निघायला तयार नव्हती, आणि वहिनीकडे सगळी पोरं. कंडक्टरनं धाकटीच्या हातांच्या पट्ट्या पाहून विचारलं, "भाजलं का बाई?" मी हो म्हटलं. ते सोपं उत्तर होतं.

बायकांचा वॉर्ड मी तेव्हा पहिल्यांदा आतून पाहिला. पुरुषांच्या वॉर्डात पलंगांशेजारी चटया टाकून बायका असायच्या, कोणाची आई, कोणाची बायको. मला वाटलं होतं, इथं चटयांवर नवरे असतील. इथंही बायकाच होत्या. बहुतेक म्हाताऱ्या आया. नवरे दारापर्यंत यायचे, पिशवी द्यायचे, बाहेर उभं राहून बिडी ओढायचे आणि शेवटच्या गाडीची वेळ सांगून निघायचे. एक अपवाद होता तो सांगते. सालेकसाकडचा एक म्हातारा रोज भेटीच्या वेळी यायचा, बायकोला बाहेर व्हरांड्यात उन्हात बसवायचा आणि तिच्या डोक्याला तेल लावून वेणी घालायचा. वेणी वाकडी यायची. साऱ्या वॉर्डाच्या बायका ती पाहायला दारात गोळा व्हायच्या.

आमच्या समोरच्या पलंगावर एक बाई होती, माझ्याच वयाची. तिला पाहून ती आजारी आहे असं कोणी म्हटलं नसतं. रोज सकाळी आंघोळ करून ती आपले सगळे कपडे घडी करून पिशवीत भरायची आणि दाराकडे तोंड करून बसायची. भाऊ न्यायला येणार होता. संध्याकाळी ती पिशवीतून एक लुगडं परत काढायची. नर्सनं सांगितलं, भावाला निरोप गेले आहेत, तो येतो म्हणतो. मी जितके दिवस तिथं होते, तितके दिवस तो आला नाही.

डॉक्टर तरुण होत्या, हळू बोलायच्या. दादाच्या वेळी डॉक्टरांचा पहिला प्रश्न असायचा, "गोळ्या घेतो का?" धाकटीच्या वेळी या डॉक्टरांनी विचारलं, "मिस्टर कुठे आहेत?" आणि मग, "बरी झाल्यावर न्यायला कोण येणार?"

मी म्हटलं, "तुम्ही आधी बरी तर करा."

त्या ओशाळल्या. म्हणाल्या, "राग मानू नका. आधीच विचारून ठेवावं लागतं. नंतर फोन लागत नाहीत." थोड्या वेळानं केसपेपर मिटून त्या म्हणाल्या, "पुरुष आमच्याकडे पुन्हा पुन्हा येतात. बायका फार कमी परत येतात. मी नवीन होते तेव्हा मला वाटायचं, बायका लवकर बऱ्या होतात."

समोर ती बाई पिशवी घेऊन बसलेली होती.

औषधांनी धाकटी हळूहळू आली. एका दुपारी तिनं मला विचारलं, "ताई, माही पोरगी कोणाजवळ हाय?" कित्येक महिन्यांत तिनं मुलीचं नाव काढलं नव्हतं. मी सांगितलं, वहिनीजवळ. ती परत निजली. त्या वॉर्डात ती इतकी झोपली, की मला सुरुवातीला भीती वाटली. नंतर लक्षात आलं, तिला कोणी उठवत नव्हतं, म्हणून ती झोपत होती.

घरी आणलं तेव्हा अंगणात गर्दी झाली नाही. बायका एकेक करून मागच्या दारानं आल्या, मायला हळूच विचारून गेल्या. जावयांना फोन केला, तर म्हणाले, "पूर्ण बरी होऊ द्या, मग नेऊ." पूर्ण म्हणजे किती, हे त्यांनी सांगितलं नाही.

आता घरात दोघांच्या गोळ्या आल्या. दादाची गोळी माय स्वतः द्यायची. पाण्याचा गिलास हातात द्यायची, तो गिळेपर्यंत समोर उभी राहायची, वर तोंड उघडून दाखव म्हणायची. धाकटीच्या गोळ्या फळीवर असायच्या. त्या तिनं तिच्या आठवणीनं घ्यायच्या. संपल्या, तर दादाला तपासणीला नेतील तेव्हा आणायच्या. धान कापणीच्या दिवसांत दादा बरा होता, कोणी तिकडे गेलंच नाही, आणि धाकटीच्या गोळ्या संपल्या. तिनं सांगितलं नाही. कापणीच्या घाईत अमुक संपलं म्हणून सांगायची तिला सवयच नव्हती.

भाऊबीजेला मी गावी गेले. दुपारी जेवणं झाली, मी घरामागच्या सांदवाडीत, परसात, गेले तर धाकटी भांडी घासत बसलेली. भांडी लखलख करत होती. तरी ती परत परत तीच घासत होती. राखेनं तिच्या बोटांची सालं निघाली होती.

"पुरे की वो, किती घासतेस?" मी म्हटलं.

ती मान वर न करता म्हणाली, "ताई, मले भरती कर."

मी तिच्याजवळ बसले. "काय होऊन राहिलं?"

"माह्या डोक्यात दोघीजणी बोलून राहिल्या. लय बेकार बोलते. भांडे घासतो तवा थांबते." तिनं एक ताट उपडं घातलं आणि दुसरं ओढलं. "म्हणून मी घासतच रायतो."

घरातली सगळी जणं म्हणत होती, की ती बरी आहे, बघा किती काम करते.

"कधीपासून?"

"कापणीपासून. मले ठावूक हाय हे कसं वाढते ते. आता दिवसा हाय. मंग झोप जाईन. मंग मले पोरगी ओळखू नाई येनार. त्याच्या आधी ने."

मी तशीच आत आले. माय, दादा, वहिनी पडवीत होते. मी सांगितलं की उद्या धाकटीला घेऊन जाते.

मायचा चेहरा उतरला. "आता काऊन? चांगली त हाय. भांडे घासून राहिली."

"तिनंच सांगितलं, माय. तीच म्हणते भरती कर."

"तिले काय समजते? एकदा झालं ते झालं. लोक विसरूनबी गेले. आता दुसऱ्यांदा नेलं, अन् देवरीले समजलं, त जवाई नेईन का तिले कधी? मंग जलमभर हितंच."

"आणि दादाला आपण किती वेळा नेलं?"

माय माझ्याकडे बघत राहिली. तिला प्रश्नच कळला नाही, असं वाटलं. मग ती थकलेल्या आवाजात म्हणाली, "बाई, तो पोरगा हाय. त्याले कोन टाकनार हाय?"

तिनं ते दुष्टपणानं म्हटलं नाही. ती दोन्ही लेकरांना सारखीच रडली होती. तिला जे जग ठाऊक होतं, त्यात पोराला नेण्यात धोका नव्हता आणि पोरीला नेण्यात होता, आणि हा हिशोब चुकीचा होता असंही मला म्हणता येईना. मला फक्त खूप दमल्यासारखं झालं. मी पायरीवर बसले. आमच्या घरात या विषयावर नेहमी मीच बोलायची, वहिनी मान हलवायची, माय रडायची, आणि दादा उठून जायचा.

त्या दिवशी दादा उठला नाही. तो भिंतीला टेकून सुपारी कातरत होता. अडकित्ता खाली ठेवून म्हणाला, "तिले ने."

"तू कायले बोलतं मधात?" माय म्हणाली.

"मी नाई त कोन बोलन?" दादा म्हणाला. "तुमाले बाहेरून दिसते. मले आतून ठावूक हाय कसं रायते ते. आपलंच डोस्कं आपल्यावर ओरडते. अन् ती स्वतःहून ने म्हनते. मी कधी म्हटलं का, मले न्या? तुमी मले धरून नेलं परतेक खेपी." तो उठला. "मी येतो संग."

"तुलेच काही झालं त?" माय घाबरलीच.

"त तिथंच हावो ना मी. दवाखान्यातच," दादा म्हणाला, आणि वहिनी तोंडाला पदर लावून हसली. त्या दुपारी आम्ही सगळेच थोडंसं हसलो, मायसुद्धा.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं एसटीनं गेलो. दादानं खिडकीची जागा धाकटीला दिली आणि स्वतः तिच्या शेजारी खांबासारखा बसला. वॉर्डाच्या दाराशी शिपायानं दादाला पाहिलं आणि तो म्हणाला, "क्या भाऊ, फिर आ गए?"

"मी नाई जी," दादा म्हणाला. "बहीन हाय."

डॉक्टर त्याच होत्या. धाकटीशी बराच वेळ बोलल्या, आणि या खेपेला धाकटीच सगळं सांगत होती, कधी सुरू झालं, काय ऐकू येतं, झोप किती. शेवटी डॉक्टरांनी मान वर करून तो नेहमीचा प्रश्न विचारला, न्यायला कोण येणार. मी बोलणार तेवढ्यात दादा म्हणाला, "कोनी कायले येईन? मी जाऊनच नाई राहिलो. हितंच हावो."

बायकांच्या वॉर्डात पुरुषाला राहू देत नाहीत. आत मी राहिले. दादा खरंच बाहेर राहिला. दवाखान्याच्या आवारात नातेवाइकांसाठी पत्र्याची शेड आहे, तिथं तो निजायचा, समोरच्या टपरीवर चहा प्यायचा, आणि सकाळ-संध्याकाळ व्हरांड्याच्या जाळीपाशी येऊन उभा राहायचा. पहिल्या दिवशी धाकटीनं जाळीतून त्याला विचारलं, "तू खाल्ली का गोळी?"

"खातो."

"आता खा. माह्या समोर."

त्यानं खिशातून पुडी काढली, गोळी तोंडात टाकली, टपरीवरून आणलेल्या पाण्यानं गिळली आणि माय सांगायची तसं तोंड उघडून दाखवलं. मग धाकटीनं तिची घेतली. त्याला काही बोलायचं असलं, तर तो गावच्या पाण्याचं बोलायचा, यंदा तलाव किती भरला, उन्हाळी धान लावता येईल का. या गोष्टींत धाकटीला काही रस होता असं नाही, पण ती ऐकायची. तिच्या डोक्यातल्या दोघीजणी त्या वेळी गप्प असायच्या, असं तिनं मला नंतर सांगितलं.

माझी रजा संपत आली, तेव्हा वहिनी आली आणि तिनं आपल्या मोठ्या मुलीवर घर टाकून धाकटीजवळ शेवटचा आठवडा काढला. वहिनी किती वेळा त्या इमारतीत आली असेल, पण आत पलंगाशेजारी निजायची ती तिची पहिलीच वेळ. दादाजवळ नेहमी माय असायची. परत आल्यावर ती मला म्हणाली, "ताई, खरं सांगू? मलेच आराम पडला. कोनी चहा मांगत नव्हतं."

धाकटी घरी आली आणि देवरीचा निरोपही त्याच सुमाराला आला. दुसऱ्या भरतीचं त्यांना कळलं होतं. जावयांनी फोनवर माझ्याशी शुद्ध, ऑफिसात बोलतात तशी मराठी काढली. म्हणाले, "आमच्याही घराला बाईमाणूस लागतं ना." त्यांनी दुसरी आणली होती. माय म्हणत होती, तसंच झालं. तिनं मला त्यावरून एक शब्दही ऐकवला नाही. पण कित्येक दिवस माझ्या ताटात वाढताना तिनं माझ्याकडे पाहिलं नाही.

मी धाकटीला विचारलं, "मी नेलं नसतं तर ते आले असते का गं?"

ती मुलीच्या केसांतल्या उवा काढत होती. म्हणाली, "आले असते त काय? मी कुठं उरली असती, जायले?"

त्यानंतर मी तिला आणि तिच्या मुलीला गोरेगावला माझ्याकडे घेऊन आले. दोन खोल्या आहेत. आठवडी बाजाराच्या दिवशी खाली मोटारसायकलींची रांग लागते आणि मुलगी खिडकीत बसून ती बघते. आमच्या गोळ्या आता एकाच डब्यात असतात, तिच्या, आणि माझ्या रक्तदाबाच्या. मुलगा देवरीलाच आहे. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगावी मंडई भरते, जत्रेसारखी. त्या वेळी त्याचा बाप त्याला घेऊन येतो आणि तासभर आमच्या हवाली करतो. धाकटी त्याला मुर्रा, म्हणजे चुरमुरे, आणि जिलबी घेऊन देते. तो आता तिच्याहून उंच झाला आहे. पहिली काही वर्षं तो तिच्याकडे परक्यासारखा बघायचा. गेल्या खेपेला त्यानं आपणहून तिच्या पिशवीचं ओझं उचललं. घरी आल्यावर ती पिशवी तिनं दोन दिवस रिकामी केली नाही.

दादाचं तसंच चाललं आहे. मधे दोन वर्षं चांगली गेली, मग परत पाळ, परत भरती. माय आता थकली, तिच्यानं फरशीवर निजवत नाही, म्हणून आळीपाळीनं वहिनी आणि मी. एकदा धाकटीही राहिली त्याच्याजवळ. माझा जीव टांगणीला होता, पण ती धड परत आली, फक्त पुढचे आठ दिवस चिडचिड करत होती, आणि तेवढी मीही करते.

यंदा रोवणी उरकल्यावर एका सकाळी धाकटी चहा घेता घेता म्हणाली, "ताई, झोप पुन्हा कमी होऊन राहिली. एक जण बोलते. दुसरी अजून नाई आली." मी शाळेत रजेसाठी फोन केला. वहिनी दुपारच्या गाडीनं येऊन मुलीपाशी राहिली. दादा आदल्याच महिन्यात वॉर्डातून सुटला होता, तरी तो निघालाच होता, मीच नको म्हटलं. संध्याकाळी वॉर्डातून मायला फोन लावला. मला वाटलं, ती रडेल. तिनं विचारलं, "पलंग भेटला का?" मी हो म्हटलं. "पंख्याखालचा?" मी म्हटलं, पंख्याखालचाच. "मंग ठीक हाय," असं म्हणून तिनं फोन वहिनीच्या पोरीकडे दिला, कारण तिला तो बंद करता येत नाही.

या खेपेला लवकर सुटी झाली. घरी येऊन तीन आठवडे होत आले. औषध वाढवलं आहे, त्यामुळे ती दुपारी बरीच झोपते. काल रविवार होता. मी तपासायला आणलेल्या पेपरांचा गठ्ठा तसाच पडला होता, डोळे मिटत होते. शेजारची बाई दारात आली, आत डोकावून म्हणाली, "अजून झोपलीच हाय? जेवन-गिवन कोन करते मंग?"

"होते," मी म्हटलं. "झोपू द्या तिला."

मुलगी शनिवारचा शाळेचा डबा धुऊन पालथा घालत होती. मी तिला म्हटलं, आवाज करू नको. मग मीही तिथंच, पेपरांशेजारी, उशी न घेता आडवी झाले.